तांबटाचा कुंचला आणि पर्वतीचे तळे

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही तांब्यावर हातोडे पडतात. ज्याच्या नावातच हा व्यवसाय आहे, असा एक चित्रकार पेशवाईच्या उत्तरकाळात या शहरात होऊन गेला. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हे त्याचे नाव.

पुणे दरबारातील इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम चित्रे काढी. वेरूळची लेणी त्याने कागदावर उतरविली, तसेच १७९० मध्ये पेशव्यांच्या पदरचा गेंडाही रेखाटला. १७९१ मध्ये मुंबईस आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुढे पुण्यात आला, तेव्हा गंगारामाने त्याच्यासमवेतही काम केले. सवाई माधवरावांनी दिलेल्या जमिनीवर पुण्यातील सिटी चर्च उभे राहिले, तेही याच काळात, १७९२ मध्ये.

सुमारे १७९५ मध्ये गंगारामाने पर्वती टेकडीचे जलरंगातील दृश्य काढले. आज ते अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. या टेकडीवर नानासाहेब पेशव्यांनी देवालय बांधले होते आणि पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून विस्तीर्ण तळे करविले होते. तळ्यात मधोमध बेट होते. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी त्यावर गणपतीची स्थापना केली, म्हणून तो ‘तळ्यातला गणपती’. भाविक नावेतून दर्शनास जात. टेकडी, देवालय आणि जल यांचा हा संगम गंगारामाच्या काळी पुणेकरांच्या नित्य दृष्टीस पडे.

पुढे ते तळे आटविले गेले. जलाशयाच्या जागी बागा झाल्या; १९६८ मध्ये आजची सारसबाग साकारली. गणपती राहिला, नावही राहिले. तळे मात्र गेले. बाग शहराला हवीच होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु ओढा आपली वाट विसरत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत माणसे मृत्युमुखी पडली. ओढ्याच्या पात्रावर आणि काठांवर वाढत गेलेल्या शहराला त्या रात्री त्याची किंमत मोजावी लागली.

कात्रज आणि पाषाण येथील तलाव अजून शिल्लक आहेत. परंतु सांडपाणी व जलपर्णी यांनी त्यांना ग्रासले आहे. गंगारामाच्या कागदामुळे जुनी पर्वती आपल्यासाठी उरली. पाणी मात्र कोणत्याही चित्रकाराला राखता येत नाही. ते काम नागरिकांचे आहे.