एकोणचाळीस मिनिटं

मुंबईकराला किती वाजले म्हणून विचारलं, की तो आकडा फेकतो आणि लोकल पकडायला पळतो. १९०६ साली हाच प्रश्न केला असता, तर तो थांबला असता आणि त्याने उलट विचारलं असतं, "कुणाचे?"

प्रश्न रास्त होता. ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं ही मुंबईची स्वतःची, घरची वेळ. आगगाड्या धावायच्या मद्रासच्या वेळेवर, म्हणजे अर्धा तास पुढे. त्यात १ जानेवारी १९०६ ला सरकारने साडेपाच तासांची प्रमाण वेळ आणली. एका रात्रीत मुंबईकराच्या खात्यातून एकोणचाळीस मिनिटं वळती झाली, आणि पावती म्हणाल तर तीही नाही! गिरणी कामगारांनी तर त्याच महिन्यात दगड उचलले. त्यांचं काय चुकलं? दिवस उजाडायचा तेव्हाच उजाडणार, भोंगा मात्र घड्याळ बघून वाजणार. म्हणजे उठायचं अंधारात. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या नव्या वेळेवर गेल्या. महापालिकेने मात्र आपली घड्याळं जुन्या वेळेवर ठेवली. हा दुहेरी संसार थेट १९५५ पर्यंत चालला. पाच वाजता ये म्हणणाऱ्याला "स्टँडर्ड की मुंबई?" असं विचारल्याशिवाय शहाणा माणूस घराबाहेर पडत नसे.

आता ते भांडण मिटलं म्हणावं, तर संगणकाने ते माळ्यावरून खाली काढलं. डेटाबेसला वेळ हा नुसता आकडा असतो. तो तो बिनबोभाट ठेवतो. त्या वेळेला नाव द्यायची पाळी आली, की घोटाळा. जगातल्या बहुतेक संगणकांत आर्थर डेव्हिड ओल्सन या गृहस्थांनी सुरू केलेली एक यादी असते. तीत वेळेचे विभाग शहरांच्या नावांनी ओळखले जातात. अख्खा भारत तिथे 'एशिया/कलकत्ता'. २००८ साली त्याचं 'कोलकाता' झालं. पण जुनं नाव टाकलं तरी चालतं, जसं व्हीटी म्हटलं तरी टॅक्सीवाला बरोबर पोचवतो. मुंबईचं नाव नाही. नियमच असा, की १९७० नंतर ज्यांची घड्याळं एकच बोलतात, त्यांना एकच विभाग. आमचं भांडण पंधरा वर्षं आधी मिटलं, हाच आमचा गुन्हा!

बरं, शहर नको, 'आयएसटी' एवढी तीन अक्षरं लिहिली तर? तीच तीन अक्षरं इस्राएलचीही आणि आयर्लंडचीही. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या मूळ यादीत आयएसटी म्हणजे इस्राएल, ग्रीनिचच्या पुढे दोन तास. भारताची वेगळी यादी आहे, पण ती सांगून लावावी लागते. न सांगितल्यास साडेतीन तासांचा फरक. आमच्या एकोणचाळीस मिनिटांवर तिथे दगड पडले होते, हे लक्षात घ्या. अठराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२५ पासून, हा डेटाबेस आधी आपण निवडलेल्या विभागाची अक्षरं बघतो.

मग सरळ मराठीत 'भारतीय प्रमाण वेळ' लिहावं म्हटलं, तर त्याची वेगळीच तऱ्हा. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, तीन बाइट खातं. म्हणजे आयएसटी रोमनमध्ये लिहिलं तर तीन बाइट, आणि आपलं हे नाव मोकळ्या जागा धरून सत्तेचाळीस. रकाना आखूड असला, तर वेळ 'वे'वरच संपायची. आणि वाचणाऱ्या यंत्राने हे बाइट पश्चिम युरोपच्या लिपीतले समजले, तर एकेका चिन्हाची तीन होतात आणि ओळभर डोक्यावर तिरकी काडी घेतलेला छोटा ए पुन्हापुन्हा उगवतो. ज्या लिपीसंचात देवनागरी मुळीच नाही, त्यात तर नुसती प्रश्नचिन्हं. किती वाजले, तर प्रश्नचिन्ह! १९०६ चा मुंबईकर हेच तर म्हणत होता.

हे दुखणं एकट्या मराठीचं नाही. विंडोजच्या स्थानिक आवृत्त्या वेळेचं नाव त्या त्या भाषेत सांगतात. ते पोस्टग्रेसला कळत नाही. तेव्हा तो विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे तिचं आतलं दप्तर, उलगडून त्यातून इंग्रजी नाव हुडकतो. घरातल्या बाळ्याचं शाळेतलं नाव काय, हे दाखल्यावर बघतात तसं.

सगळ्यात गंमत जुन्या पत्रिकांची. लग्न दर दोन तासांच्या आसपास बदलतं; एकोणचाळीस मिनिटांत ते घसरू शकतं आणि जावई हातचा जाऊ शकतो. आता पत्रिका यंत्रावर मांडतात. ओल्सनच्या यादीवर चालणाऱ्या यंत्राला महायुद्धाची वेळ ठाऊक असते. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारताची घड्याळं तासभर पुढे होती, तेवढा तास ते चोख धरतं. पण गिरगावात १९३८ साली घरच्या घड्याळावर नोंदलेला जन्म ते बिनधास्त साडेपाच तासांनी मांडतं. जुने जोशी यंत्राशिवाय बसायचे. १९५५ च्या आधीचा मुंबईचा जन्म दिसला, की पंचांग उघडण्यापूर्वी ते मुलीच्या बापाला विचारत, "घड्याळ घरचं, की स्टेशनवरचं?"