मागील धडकेनंतर मोटारीस लागणारी आग
मागून आलेल्या वाहनाची धडक बसून इंधनटाकी, तिची नळी वा झाकणाजवळची मान फुटल्यास गळलेले इंधन पेट घेऊन लागणारी आग. बहुतेक मोटारींत टाकी मागच्या आसनाखाली, मागील आसाच्या पुढे असते. आसामागची टाकी अधिक धोक्याची. अमेरिकेतील फोर्ड पिंटो मोटारीची टाकी अशीच होती. त्यामुळे 1978 मध्ये सुमारे 15 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेटते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. पत्रा रस्त्यावर घासून उडालेली ठिणगी किंवा तापलेला धूरनळ ती पेटवण्यास पुरेसा ठरतो. सीएनजीची टाकी बहुधा डिकीत असते; तिच्यातील दाब सुमारे 200 बार असतो.

घाटातील उतारावर मागील धडकेचा धोका असतो; उदाहरणार्थ, पाटणवरून जाणाऱ्या कराड–चिपळूण मार्गावरील कुंभार्ली घाट. अशा लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ते तापून निकामी होतात आणि अवजड वाहन पुढच्या गाडीवर आदळते. पुण्यातील नवले पुलावर 13 नोव्हेंबर 2025 रोजी साताऱ्याकडून आलेल्या अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. दोन अवजड वाहनांत चिरडलेली मोटार पेटून जीवितहानी झाली. धडकेने दरवाजे वाकून अडकतात, म्हणून सुटकेस वेळ थोडाच मिळतो. उपाय : उतारावर खालचा गिअर, वाहनांत पुरेसे अंतर, अधिकृत केंद्रातूनच गॅससंच बसवणे.