गणिताचा जोगवा

तुळजापुरास भवानीच्या नांवानें जोगवा मागणारा भक्त मंगळवारीं वा शुक्रवारीं पांच घरांपुढें उभा राहतो आणि प्रत्येक घरचें मूठभर पीठ परडींत घेतो. त्या मुठीनें कोणाच्या घरीं उणें पडत नाहीं. विज्ञानानेंही एकदां असाच जोगवा मागितला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१९९६ सालीं जॉर्ज वोल्टमन यांनीं अवाढव्य मूळ संख्या हुडकण्यासाठीं परक्यांच्या संगणकांची फुरसत मागितली होती. पण त्याचा बोलबाला झाला तो १७ मे १९९९ रोजीं, बर्कले विद्यापीठानें ‘सेटी ॲट होम’ सुरू केलें तेव्हां. धनी उठून गेला कीं त्याच्या रिकाम्या संगणकानें अरेसिबोच्या दुर्बिणीनें टिपलेल्या लहरींचा एक तुकडा तपासावा आणि परग्रहावरील कोणाची हांक त्यांत आहे काय तें पाहावें, इतकीच विनंती. लाखों लोकांनीं ती मानली. मात्र कोणीं किती काम केलें याचे गुण जाहीर होत. ते वाढविण्यासाठीं कित्येकांनीं खोटीं उत्तरें धाडलीं! मूठ पिठाची कीं राखेची, हें ओळखावें कसें?

डेव्हिड अँडरसन यांनीं २००२ सालीं आरंभिलेल्या ‘बॉइंक’ या आज्ञावलीनें तोड काढली. एकच तुकडा दोन अनोळखी घरीं धाडावा. उत्तरें जुळलीं तरच ग्राह्य धरावीं. यांत निम्मी शक्ति खर्ची पडते खरी, परंतु मला तो व्यय रास्त वाटतो. शिवाय कोणत्या शास्त्रास किती वेळ द्यावा, हें दात्यानेंच ठरवावयाचें.

याच पायावर २००५ सालीं ‘आइन्स्टाइन ॲट होम’ उभें राहिलें. अमेरिकेंतील लायगो वेधशाळेस २०१५ सालीं प्रथम सांपडलेली गुरुत्वलहर दोन कृष्णविवरांच्या टकरीची, क्षणभराची होती. गरगरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याची लहर अखंड, पण अतिक्षीण. पृथ्वीच्या गतीमुळें तिचा स्वर दिशेदिशेस निराळा ढळतो, म्हणून आकाशाचा कोपरा न् कोपरा वेगळा तपासावा लागतो. एवढें गणित एका संस्थेस झेपणारें नव्हे. २०१० सालीं आयोवा व माइन्झ येथील दात्यांच्या संगणकांनीं अरेसिबोच्या नोंदींत एक नवा स्पंदक तारा शोधला. ती अखंड लहर मात्र अद्याप हातीं लागलेली नाहीं.

‘सेटी’नें ३१ मार्च २०२० पासून नवे तुकडे वाटणें थांबविलें. परडी भरली होती. भाकरी भाजणें उरलें होतें. इकडे तुळजापूर ज्या मराठवाड्यांत आहे, त्याच मराठवाड्यांत औंढा नागनाथाजवळ लायगोची भारतीय वेधशाळा उभारण्यास एप्रिल २०२३ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें सुमारें २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेथील नोंदींतून अखंड लहर शोधूं म्हटलें, तर गणित हेंच राहणार आहे.