न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची कुळकथा

न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, इलेक्ट्रॉनपेक्षा निदान दहा लाख पटींनी हलका कण. सूर्यातून निघालेले सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला बोटाच्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात आणि कशालाही धक्का लागत नाही. या कणाची कल्पनाच मुळी एका तुटीतून निघाली. किरणोत्सारी अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना ऊर्जेचा हिशेब जुळेना, तेव्हा ती तूट एखादा न दिसणारा कण घेऊन जात असावा, असे वोल्फगांग पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये सुचवले. १९५६ मध्ये रेनेस आणि कोवान यांनी अणुभट्टीशेजारी तो पकडला. त्यानंतरही चाळीसएक वर्षे त्याचे वस्तुमान शून्यच धरले जाई.

हे शून्य खोटे ठरले ते आणखी दोन तुटींमुळे, एक सूर्याकडची आणि दुसरी हवेतली.

सूर्याच्या कथेचा एक धागा कोकणातून जातो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरहून झान्सन यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, त्या वर्णपटातली पिवळी रेषा नोंदवली. ती हेलियमची होती. विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून हा शोध तिथेच लागल्याचे सांगितले जाते. लॉकियर विजयदुर्गला आले हे खरे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ला तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि हेलियम तोवर प्रयोगशाळेतही मिळाला होता. कट्ट्यांचे मोल त्यामुळे घटत नाही. तारीख तेवढी दुरुस्त करायला हवी.

सूर्यात हायड्रोजनच्या चार अणुकेंद्रांपासून याच हेलियमचे एक बनते आणि दोन न्यूट्रिनो सुटतात. म्हणजे सूर्य किती तळपतो यावरून न्यूट्रिनो किती यायला हवेत, हे काढता येते. जॉन बाकॉल यांनी ते गणित मांडले. रे डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत, दीड किलोमीटर खोल, कपडे ड्राय-क्लीन करण्याचे ६१५ टन द्रव टाकीत भरले आणि न्यूट्रिनोंमुळे त्यात तयार होणारे आर्गॉनचे मोजके अणू वेचायला सुरुवात केली. १९६८ पासून पुढे उत्तर तेच राहिले: अपेक्षेच्या साधारण एक तृतीयांश. बरीच वर्षे दोष कधी डेव्हिस यांच्या टाकीला, तर कधी बाकॉल यांच्या गणिताला दिला गेला. दोघेही बरोबर होते.

हवेतल्या न्यूट्रिनोंची सुरुवात भारतात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत आहे. विश्वकिरण वातावरणावर आदळले की त्यातून म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड कण) आणि न्यूट्रिनो निर्माण होतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक १९५० च्या दशकापासून जास्त जास्त खोल जाऊन म्यूऑन मोजत होते. पावणेतीन किलोमीटर खोलीवर दोनेक महिन्यांत एकही म्यूऑन आला नाही. हाती लागलेले हे शून्य फार कामाचे होते, कारण इतक्या शांत जागी जे काही उमटेल ते न्यूट्रिनोमुळेच असणार. मग सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर प्रस्फुरक प्लास्टिकच्या उभ्या भिंती रचल्या गेल्या आणि मध्ये निऑन भरलेल्या काचेच्या नळ्या बसवल्या. कण गेला की त्याच्या वाटेवरच्या नळ्या उजळत आणि त्यांचा फोटो निघे. वरून येणाऱ्या म्यूऑनची रेघ उभी पडते. आडवी रेघ पडली, तर तो म्यूऑन जवळच्या खडकात न्यूट्रिनोने निर्माण केलेला असतो. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम्, रमण मूर्ती आणि त्यांचे ओसाका व डरहॅम येथील सहकारी यांचा निबंध १५ ऑगस्ट १९६५ रोजी छापून आला. दक्षिण आफ्रिकेत हेच काम करणाऱ्या रेनेस गटाचा त्यानंतर पंधरा दिवसांनी.

तूट मात्र कोलारला नव्हे, जपानमध्ये उघड झाली. कामिओका खाणीतल्या ५०,००० टन पाण्याच्या सुपर-कामिओकांडे टाकीत डोक्यावरून येणारे म्यूऑन जातीचे न्यूट्रिनो पुरेसे होते. पृथ्वीच्या पलीकडून, १२,००० किलोमीटरहून जास्त प्रवास करून खालून येणारे मात्र जवळपास निम्मेच भरले. ताकाआकी काजिता यांनी जून १९९८ मध्ये हे जाहीर केले. ते न्यूट्रिनो नष्ट झाले नव्हते. वाटेत त्यांची जात बदलली होती.

हे कसे घडते, याची कल्पना पाँतेकोर्व्हो यांनी १९५७ मध्ये आणि माकी, नाकागावा व साकाता यांनी १९६२ मध्ये मांडली होती. इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ या न्यूट्रिनोच्या तीन जाती म्हणजे तीन वेगवेगळ्या वस्तुमानांच्या लहरींची मिश्रणे. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज जसा कमीजास्त होत राहतो, तसे या लहरींचे मिश्रण प्रवासात पालटत जाते. वस्तुमाने सारखी असती, सगळी शून्य असती, तर काहीच बदलले नसते. म्हणून जात बदलणे हाच वस्तुमानाचा पुरावा. सूर्याच्या दाट गाभ्यातले इलेक्ट्रॉन या बदलाला आणखी जोर देतात, हे वोल्फेन्स्टाइन, मिखेयेव आणि स्मिर्नोव्ह यांनी दाखवले. कॅनडातील सडबरीच्या १,००० टन जड पाण्यात २००२ पर्यंत तिन्ही जातींची एकत्र मोजणी झाली आणि बेरीज बाकॉल यांच्या गणिताशी जुळली; डेव्हिस यांच्या टाकीत फक्त इलेक्ट्रॉन जात उमटत होती.

आता सर्वांत जड न्यूट्रिनोचे वस्तुमान किमान ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे एवढे कळते. ते येते कुठून, हे ठरलेले नाही. एखाद्या अतिजड जोडीदारामुळे हा कण इतका हलका राहतो, असे एक मत १९७० च्या दशकापासून आहे. त्याची कसोटी अजून लागायची आहे. तिघांत सर्वांत जड कोण, हा निराळा प्रश्न. त्यासाठी तमिळनाडूतल्या बोडी डोंगरात ५०,००० टन चुंबकित लोखंडाचा शोधक उभारण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली होती. स्थानिक विरोध आणि राज्य सरकारचा नकार यांमुळे तिथला बोगदा खोदला गेला नाही. कोलारची खाण २००१ मध्येच बंद झाली. याच प्रश्नासाठी चीनमधला जुनो शोधक ऑगस्ट २०२५ पासून नोंदी घेत आहे.