ख्रिस्ती संन्याशाचं कूळ

रिचर्ड रोल हा चौदाव्या शतकातला यॉर्कशरचा ध्यानी आणि ग्रंथकार. ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून घरी आला, बहिणीचे दोन झगे मागून घेतले, एक पांढरा, एक करडा. त्यांचाच कसाबसा अंगरखा बेतला, वडिलांची पावसाळी टोपी डोक्यावर ओढली आणि चालू लागला. भावाला वेड लागलं म्हणून बहीण ओरडत राहिली. पुढे त्यानं ईश्वरप्रेमाच्या आगीवर लॅटिनमध्ये ग्रंथ रचला, साध्या भाविकांसाठी इंग्रजीतही लिहिलं आणि १३४९ मध्ये हॅम्पोलला देह ठेवला.

१९३० साली वेरियर एल्विन यांनी त्याच्यावर छोटं इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि नावातच त्याला 'ख्रिस्ती संन्यासी' म्हटलं. एल्विन तेव्हा पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात होते. खादी आणि आश्रमी राहणीचा हा संघ १९२२ मध्ये जॅक विन्स्लो या मिशनऱ्यानं काढलेला. आणि विन्स्लो पडले रेव्हरंड ना. वा. टिळकांचे चाहते, १९२३ मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिलं. तेव्हा हे कूळ लावायचं तर साताऱ्याला यावं लागतं.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईतला. मग वीसेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनची चाकरी. १९१७ मध्ये ती सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बायकोमुलांच्या माणसानं असा संन्यास घ्यावा, हे ना मिशनच्या शिस्तीत बसणारं ना आपल्या शास्त्रात. पण खरी धिटाई दरबाराच्या नियमात होती: बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही इथं जागा. ख्रिस्ताला गुरू मानतोस ना, मग ये, बस. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणाऱ्याला पाण्याच्या शिंतोड्यांवरून माणसं वेगळी काढणं जमणारही नव्हतं.

९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली.

बंगालात ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी ख्रिस्ती असूनही भगवी वस्त्रं टिळकांच्या कितीतरी आधी घातली होती, हे विसरू नये. एल्विनही पुण्यात फार टिकले नाहीत. १९३२ मध्ये शामराव हिवाळे यांच्यासह ते मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहायला गेले. तरी ख्रिस्ती संन्याशाच्या मराठी शाखेचा मूळपुरुष साताऱ्याचाच, आणि साताऱ्याच्या इतिहासात त्या दरबाराला ओळभरापेक्षा जास्त जागा मिळायला हवी.