कॅमचे टायमिंग: गिअरपासून चेनपर्यंत

 महाराष्ट्रभर मोटारसायकलच्या मिस्त्रीकामाला इंजिनाच्या घडणीप्रमाणे वळण मिळत गेले. मद्रासला १९५५ मध्ये जुळणी सुरू झालेल्या एनफील्ड बुलेटचे, व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅम गिअरवर फिरत. दात्यांवरच्या खुणा जुळवल्या की टायमिंग बसे. राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांना व्हॉल्व्हच नव्हते, त्यामुळे हे कामही नव्हते. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आली आणि हेडमधला, चेनवर फिरणारा कॅम मिस्त्रींच्या हाती आला.

त्याचे टायमिंग बसवण्याची रीत ठरलेली आहे. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसिंगच्या खुणेसमोर आणली की पिस्टन वर येतो. मग कॅमच्या चक्राची ‘ओ’ खूण हेडच्या खाचेशी जुळवून चेन चढवतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते. म्हणून चेन ताणल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा तपासतात. एक दाता चुकला तरी गाडी जड सुरू होते आणि ओढ कमी होते. चूक मोठी असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतो. टॅपेटचे अंतर सर्वांत शेवटी, इंजिन थंड असताना लावतात.