साडीखालचा सदरा : धर्म आणि पेहराव यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

धार्मिक पेहरावाचा विषय निघाला की डोक्यावरचा पदर, बुरखा, भगवी छाटी अशा दिसणाऱ्या वस्त्रांचीच चर्चा होते. या अभ्यासात नव्याने येणाऱ्याला मी आधी बोर्डीला जायला सांगेन. डहाणू तालुक्यातल्या या किनारी गावात चिकूच्या वाड्या राखून असलेली पारशी आणि इराणी, अशी दोन्ही जरथुश्त्री घरे आहेत. त्यांचे धर्मवस्त्र रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही, कारण ते कपड्यांच्या आत असते.

राज्याची हद्द ओलांडली की उत्तरेला संजाण लागते. बहमन कैकोबाद संजाणा यांनी 1599 च्या सुमारास फारसी पद्यात रचलेला 'किस्सा-इ-संजान' सांगतो, की इराणहून आलेल्यांना जादी राणा या तिथल्या राजाने काही अटींवर आसरा दिला. शस्त्रे खाली ठेवा, इथली भाषा बोला आणि तुमच्या स्त्रियांनी इथला पेहराव करावा. ही कथा घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेली, तेव्हा ती दप्तरी पुरावा म्हणून वाचू नये. समाजाने स्वतःविषयी जपलेली आठवण म्हणून वाचावी. पुढे संजाण पडल्यावर इराणशाह हा पवित्र अग्नी बारा वर्षे बोर्डीजवळच्या बहरोटच्या गुंफांत लपवून ठेवला, हेही तीच सांगते. आपल्या दृष्टीने मोलाचे हे, की अट साडीबद्दल होती. साडीखालच्या सदऱ्याबद्दल राण्याने काही विचारल्याचे कोणी लिहिलेले नाही.

तो सदरा पांढऱ्या मलमलीचा, नऊ शिवणींचा. गळ्याशी गिरेबान नावाचा चिमुकला खिसा असतो आणि तो सत्कृत्यांनी भरायचा असतो. कमरेला कस्ती नावाची दोरी, लोकरीच्या 72 धाग्यांची. यस्ना या प्रार्थनाग्रंथाचे अध्यायही 72. ती पोकळ विणून सुईने उलटी करतात, आणि हे काम परंपरेने मोबेद म्हणजे पुरोहित घराण्यांतल्या स्त्रियांचे. नवजोतीत, म्हणजे धर्मदीक्षेच्या विधीत, सदरा-कस्ती मुलाला मिळते तशीच मुलीलाही, हे जानव्याच्या सवयीने पाहणाऱ्या आपण मुद्दाम ध्यानात घ्यावे. कस्तीचे कमरेभोवती तीन वेढे म्हणजे सुविचार, सुवचन, सुकृती. उठल्यावर, प्रार्थनेआधी, जेवणाआधी, देहधर्मानंतर ती सोडून मंत्र म्हणत पुन्हा बांधायची. म्हणजे पेहरावातली मर्यादा इथे परक्या नजरेपासून अंग झाकण्यापुरती नाही. दिवसातून अनेकदा स्वतःला गाठ मारून घेण्याची ती रीत आहे.

पण आतले वस्त्र खरे आणि बाहेरचे निव्वळ दिखाऊ, असा सोपा निवाडा करू नका. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात यझ्द आणि केरमानकडून इकडे आलेल्या इराण्यांचा पूर्वानुभव वेगळा होता. तिथे जरथुश्त्री पुरुषाने कोणत्या रंगाचे कपडे घालावेत, हे राज्यकर्ता बहुसंख्य समाज ठरवी. पेहराव हीच अपमानाची खूण होती. मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये इराणला पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांच्या खटपटीने 1882 मध्ये बिगर-मुस्लिमांवरचा जिझिया कर उठला; कपड्यांवरची बंधने मात्र हळूहळूच सैल झाली. इकडे पारशी स्त्रियांचे केस झाकणारे पांढरे माथाबानू एकेकाळी नित्याचे होते, ते आता बहुतेक ठिकाणी प्रार्थनेपुरते उरले आहे. त्यावरून श्रद्धा ओसरली असे अनुमान काढणारे लेखन भरपूर आहे. मला ते आळशी वाटते.

मानववंशशास्त्रज्ञ सबा महमूद यांनी कैरोतल्या मुस्लिम स्त्रियांवरच्या 2005 च्या पुस्तकात दाखवले, की हिजाब हा मनातल्या श्रद्धेचा फलक असेलच असे नाही. घालता-घालता लज्जाभाव घडतो, असे त्या स्त्रिया मानत. हे वाचून कस्तीकडे पाहिले तर रोजची गाठ नव्याने उलगडते. मात्र महमूद यांच्यासमोरचे वस्त्र चारचौघांत दिसणारे होते. ज्याला साक्षीदारच नाही, ते वस्त्र माणसाला कसे घडवते, यावर अजून पुष्कळ काम व्हायला हवे.

सुरुवात जीवनजी जमशेदजी मोदींच्या पारशी विधींवरच्या 1922 च्या ग्रंथाने करा. त्यात सदऱ्याची शिवण न् शिवण सापडेल. मग बोर्डीत वाडीवरच्या वडीलधाऱ्यांशी बोला, शक्यतो गुजरातीत. कस्ती कोणी विणली, पहिल्यांदा कोणी बांधली, ती न बांधता दिवस गेला तर काय वाटते, हे विचारा. सदरा दाखवा, असे म्हणू नका.